शेवटचा फर्मा तळेघरला

पुस्तक उसवायचं असेल तर ब्लेड वापरू नये. ब्लेड दोऱ्याबरोबर कागदही कापतं. पुस्तक मधोमध उघडलं की घडीच्या आत दोऱ्याचा टाका दिसतो. त्याच्याखाली बारीक कात्रीचं टोक घालावं आणि हलकेच उचलावं. एक टाका तुटला की बाकीचे आपसूक सैल पडतात. पाठ डिंकानं चिकटवलेली असेल तर तिच्यावरून गरम इस्त्री फिरवावी, डिंक मऊ होतो. मग सोळा सोळा पानांचे फर्मे एकेक करून सुटे होतात.

हे मला कुणी शिकवलं नाही. मी जुन्नरला बायकांचे कपडे शिवते, आणि शिवण्यापेक्षा उसवण्यातच माझं आयुष्य जास्त गेलं. बाळंतपणानंतर न होणारे ब्लाऊज, दुसऱ्या टेलरनं बिघडवलेले ड्रेस, सगळं माझ्याकडं. त्यामुळं पुस्तकाला कात्री लावताना माझा हात अडला नाही. अडायला हवा होता, असं म्हणणारे पुष्कळ भेटले.

त्याचं असं झालं. माझ्या दुकानात येणाऱ्या चौदाजणी वाचणाऱ्या होत्या आणि पुस्तक असायचं एक. एकीनं नेलं की दोन महिने तिच्या गादीखाली. मागायला गेलं तर "वाचतेय की अजून, पळून चालले का मी?" तिसऱ्यांदा हे ऐकलं तेव्हा माझं डोकं फिरलं. घरी आले, पुस्तक काढलं आणि बसल्या बैठकीला त्याचे नऊ तुकडे केले. प्रत्येकाला जाड कागदाचं वेष्टन घातलं, वर नंबर टाकला. ब्लाऊज न्यायला आलेल्या बाईनं वाचलेला फर्मा टाकायचा आणि पुढचा घेऊन जायचं. महिनाभरात नऊही फर्मे चौदा घरं फिरून आले.

एक फायदा मात्र मला आधी सुचला नव्हता. सोळा पानं डब्याच्या पिशवीत मावतात. पिंपळवंडीच्या द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या बायका ती जेवणाच्या सुट्टीत वाचायच्या. आणि सोळा पानं पुस्तकासारखी दिसत नाहीत. पोराच्या शाळेचा कसला तरी कागद असेल असं वाटतं, त्यामुळं घरात कुणी "वाचत काय बसलीस" म्हणत नाही.

वाचनालयाच्या चिटणीसांना हे कळलं आणि त्यांनी माझं नाव सभासदांच्या यादीतून काढलं. त्यांचं पुस्तक मी उसवलं नव्हतं, माझं स्वतःचं उसवलं होतं, तरी काढलं. चार माणसांत म्हणाले, "ज्या हातांनी पुस्तक फाडलं त्या हातांत मी पुस्तक देणार नाही." मी तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी तशीच मागं फिरले. घरी येऊन रडले. तेव्हापासून आमचे फर्मे चोरून फिरायला लागले.

रेडिओवर मी गेले तीही शिवणकामामुळं. आमच्याकडं गावकीचं एक छोटं रेडिओ केंद्र आहे. दोन खोल्या, एक काच, एक माईक. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जाड गाद्यांसारखी आवरणं हवी होती. मी मापं घ्यायला गेले आणि मापं घेता घेता आदल्या दिवशी पाहिलेल्या सिनेमाबद्दल बोलत राहिले. मशीनवर एक काका बसायचे. वायरमन म्हणून रिटायर झालेले, मोजकं बोलणारे. ते म्हणाले, "बाई, इतकं बोलताच आहात तर माईकपुढं बोला." तेव्हापासून दर शनिवारी सकाळी अकराला अर्धा तास माझा.

एका शनिवारी पुस्तक, एका शनिवारी सिनेमा, एका शनिवारी आपल्या आजूबाजूचं काहीतरी: शेतकरी पोरांना मुली का मिळत नाहीत, लग्नातला डीजे, सुनेच्या हातातला मोबाईल. सगळं थेट, फोनसकट. फोनची तर तऱ्हाच. आम्ही सिनेमातल्या बापाबद्दल बोलत असताना पलीकडून प्रश्न यायचा, "ते जाऊ द्या ताई, गुरांचे डॉक्टर आज दवाखान्यात हायेत का?" मला राग यायचा. पण मग काका काचेमागून खरंच चौकशी करून सांगायचे, आणि पुढच्या शनिवारी तोच माणूस सिनेमाबद्दल बोलायला फोन करायचा.

एवढं सगळं होऊनही पुस्तक लिहिणारं जिवंत माणूस काही आमच्या खोलीत आलं नव्हतं. मग एका सिस्टरच्या पुस्तकाबद्दल कानावर आलं. मूळच्या पारगावच्या, वडील साखर कारखान्यावर कामाला. स्वतः सरकारी नर्स, आता रिटायर. अठरा वर्षांपूर्वी त्यांनी तळेघरच्या वरच्या वाड्यांमध्ये वर्षभर नोकरी केली होती, ते सगळं पुस्तकात होतं. प्रती थोड्याच छापलेल्या, संपलेल्या. मी फोन केला तर त्यांनी एक प्रत पोस्टानं पाठवली. पहिल्या पानावर सही, आणि सहीखाली दोन शब्द: "जपून वाचा."

मी ते दोन शब्द वाचले, पुस्तक कपाळाला लावलं आणि रविवारी दुपारी उसवलं. अकरा फर्मे निघाले.

नियमानं मी प्रत्येक फर्मा आधी स्वतः वाचते. दहा वाचले. अकरावा हातात होता तेव्हा दुकानात एकजण आली. ती तळेघरच्या वरच्या वाडीची. हिवाळा-उन्हाळा पिंपळवंडीला बागेत, कांद्यात कामाला उतरायची आणि मे लागला की परत जायची, कारण वर राब भाजायचे असतात. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण्या पसरून जाळतात, तो राब. ती म्हणाली, "ताई, उद्या सकाळी निघाले. दिवाळीबिगर परत येणं न्हाई. शेवटचा द्या की." दहा फर्मे वाचलेल्या बाईला मी सहा महिने शेवटावाचून कशी ठेवू? दिला. म्हटलं, आठवडाभरात वाच आणि एसटीच्या कंडक्टरकडं दे, घोडेगावहून तो इकडं पाठवेल. वेष्टनावर माझा फोन नंबर होताच, केंद्राचाही लिहून दिला.

दोन दिवसांनी सिस्टरनी कळवलं की त्या येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी येतील. "माझ्याकडं एकच प्रत उरलीय, ती आणू का?" मी तोऱ्यात म्हणाले, "छे छे, पुस्तक इथं आहे की. तुम्ही नुसत्या या." हा तोरा मला चांगलाच भोवला.

आठवडा गेला, फर्मा आला नाही. वाडीत रेंज नाही, तिचा फोन लागत नव्हता. तळेघरला जाणाऱ्या एका कंडक्टरच्या हाती निरोप धाडला: शनिवारी सकाळच्या पहिल्या गाडीला फर्मा घालच. शुक्रवारी मी बाकीचे दहा फर्मे एकावर एक रचून कव्हरात घातले. लांबून पुस्तक दिसत होतं. हातात घेतलं की लटपटायचं. मी देवाला म्हणाले, उद्याचा अर्धा तास तेवढा निभावून ने.

सिस्टर आल्या. बारीक चणीच्या, पांढरे केस, कडक इस्त्रीची साडी. मला पाहून पहिला प्रश्न, "पुस्तक पोचलं ना नीट?" मी म्हणाले, "नीट." पिशवी टेबलाखाली पायानं आत ढकलली.

पहिली वीस मिनिटं फार छान गेली. उसाच्या पट्ट्यातली मुलगी डोंगरात गेली तेव्हा तिला काय काय कळत नव्हतं, ते त्यांनी मजेत सांगितलं. बायका दवाखान्यात का येत नाहीत, आणि आलेल्या बाईशी आपण कसे बोलतो, यावर त्या तावातावानं बोलल्या. काका काचेमागं मान डोलवत होते, म्हणजे फारच झालं. मी जवळजवळ पिशवी विसरले होते. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "ताई, मला या पुस्तकातलं शेवटचं पान वाचायचंय. ते मी आजवर कुणापुढं वाचलेलं नाही. धीर झाला नाही. आज ठरवून आलेय. द्या पुस्तक."

आणि हात पुढं केला.

चिटणीसांचा आवाज कानात आला: ज्या हातांनी पुस्तक फाडलं. या बाईनं विश्वासानं पाठवलेली, सही केलेली प्रत, आणि तिचं नेमकं तेच पान मी डोंगरात पाठवून बसले होते. हे तिला सगळ्या तालुक्यादेखत कळणार. मी म्हणाले, "त्याआधी एक फोन घेऊ." काकांना खूण केली, कुणाचाही चालेल. म्हटलं गुरांच्या डॉक्टरवाला लागो.

काकांनी बटण दाबलं.

"हॅलो, ताई हायेत का? मी तळेघरच्या स्टँडवरून बोलते. सकाळधरनं तुमचा फोन बंद लागतोय म्हून हिकडं लावला. आवो, एश्टी गेली. मी वाडीवरनं पळत आले, तरी मोरीवरनं वळाली बी. तुमचा शेवटचा फर्मा माझ्याच हातात ऱ्हायला बघा. बाकीचे धा तुमच्यापाशीच हायेत ना? का तेबी वाटले?"

रेडिओवर गप्प बसणं म्हणजे पाप. काका हात गरागरा फिरवत होते, बोला, बोला. मी सिस्टरांकडं पाहिलं आणि सांगून टाकलं, "सिस्टर, तुमचं पुस्तक मी उसवलंय. चौदाजणी वाचतात, प्रत एकच, म्हणून. शेवटचा भाग या बाईकडं आहे. मला माफ करा."

सिस्टरनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. त्या माईककडं वाकल्या. "बाई, तुम्ही कुठल्या वाडीच्या?"

तिनं सांगितलं. सिस्टर नोकरीत चढून जायच्या, ती हीच वाडी होती. "शेवटचं पान वाचलंत?"

"व्हय. दोनदा."

"आता मोठ्यानं वाचाल?"

"मी? मला तुमच्यावानी न्हाई येत."

"येईल तसं वाचा."

ती वाचायला लागली. अडखळत, मध्येच बाजूनं जाणाऱ्या जीपचा आवाज. मी ते पान पहिल्यांदाच ऐकत होते. एक म्हातारी होती, तिच्या पायाला जखम. सिस्टर एक दिवसाआड पट्टी बदलायला चढून जायच्या. बदलीचा हुकूम आला तेव्हा त्यांनी म्हातारीला सांगितलं होतं, जायच्या आधी एकदा येऊन जाईन. पण गाडी लवकर आली आणि जाणं झालं नाही. जीप वळणावर आली तेव्हा वर बांधावर म्हातारी उभी दिसली. हातात हिरवी डहाळी, ती वर उचलून हलवत होती. 'ती मला परत बोलावत होती. मी ड्रायव्हरला थांब म्हणाले नाही.' तिथं पुस्तक संपत होतं. छापलेलं 'होती' तिच्या तोंडून 'व्हती' होऊन येत होतं आणि सिस्टर डोळे मिटून ऐकत होत्या.

वाचून झालं. मग ती म्हणाली, "सिस्टर, एक सांगू का? राग न्हाई ना येणार?"

"सांगा."

"आवो, ती तुमाला बोलवीत नव्हती. ती राब राखीत व्हती."

सिस्टरनी डोळे उघडले.

"आमचं वावर तिच्या खालच्या अंगाला. मी तवा नवी नवरी, त्या दिशी तिथंच व्हते. राब पेटिवला का कुणीतरी डहाळी घिऊन हुबं ऱ्हावं लागतं, आग बांध वलांडून पळाय लागली का झोडायला. वर उचलायची अन् हाणायची. ते तुमाला बोलविल्यावानी दिसलं आसंल."

"पण धूर नव्हता," सिस्टर म्हणाल्या. "जाळ पण दिसला नाही मला."

"वारं दरीकडं आसलं का धूर खाली पळतो. अन् उन्हात जाळ कुठं दिसतोय लांबनं? तुमची जीप खालून गेली तवा म्हातारी म्हणली, 'सुईवाली बाई चालली वाटतं.' अन् लागली परत झोडाय."

"आणि तिचा पाय?"

"पाय बरा झाला की. त्या साली नाचणी लावाय आमच्या फुडं व्हती. लई वर्सं जगली. आता न्हाई, चार वर्सं झाली."

सिस्टरनी विचारलं, "माझी आठवण काढायची का हो कधी?"

"तुमची न्हाई, सुईची काढायची. लई भ्यायची सुईला."

सिस्टर हसल्या. आधी नाकातून, मग मोकळ्या, तोंडावर पदर धरून. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचंही त्यांनी सोडून दिलं. मीही हसत होते आणि माझेही डोळे वाहत होते. कार्यक्रमाची वेळ उलटून गेली होती, काकांनी घड्याळाकडं पाठ केली होती. शेवटी सिस्टरनी विचारलं, "बाई, जेवलात का? इतक्या लांब पळत आलात."

"जाऊन जेवंन की. आज आमचाबी राब हाय. पर तेवढं फर्म्याचं सांगा, उद्याच्या गाडीला घालू का?"

"घाला," मी म्हणाले. "आणि पुढच्या वेळी गाडी चुकली तरी चालेल."

नंतर मी सिस्टरांना स्टँडवर सोडायला गेले. गाडीला वेळ होता, चहा घेतला. त्या म्हणाल्या, "अठरा वर्षांत मी त्या वळणावरून एकदाही गेले नाही. भीमाशंकरला सगळे निघाले तरी मी काहीतरी कारण काढते. पुस्तक लिहिलं, तेही वर पाठवायचा धीर झाला नाही. वाटायचं, तिकडचं कुणीतरी विचारेल, का थांबला नाहीत?" मग बशीत चहा ओतत म्हणाल्या, "आणि इथं तुम्ही न विचारता पाठवलंत."

मी विचारलं, "रागावलात?"

"ताई, मी जन्मभर टाके घातले आणि काढले. उसवलेलं बघून मी रागावू?" मग पिशवीतले दहा फर्मे मागून घेतले, एकेक हातात धरून पाहिला. तिसऱ्यावर हळदीचं बोट होतं, सहाव्यात द्राक्षाचं वाळलेलं पान. पहिल्यावरची आपली सही पाहून म्हणाल्या, "म्हणजे ही एका वेळी एकीलाच दिसते तर." त्यांची गाडी लागली.

घरी येताना माझ्या अंगावरून मणाचं ओझं उतरलं होतं. वाटेत चिटणीस दिसले. एरवी मी गल्ली बदलते. त्या दिवशी बदलली नाही.

दहा-बारा दिवसांनी दुकानात पार्सल आलं. उघडलं तर त्याच पुस्तकाची दुसरी प्रत, सिस्टरांकडची उरलेली एकुलती एक. त्यांनी ती स्वतः उसवली होती. अकरा फर्मे, प्रत्येकाला बँडेजच्या पट्टीची गाठ. टाके कापताना दोन-तीन ठिकाणी कागद फाटला होता. उघड होतं, बाईनं ब्लेड वापरलं होतं. मी दुकानात एकटीच हसले. मग पाहिलं तर प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर सही होती, अकराच्या अकरा. 'जपून वाचा' मात्र कुठंच नव्हतं.

शेवटचा फर्मा मी सगळ्यांत शेवटी सोडला. शेवटचं पान उघडलं. छापलेलं वाक्य खोडलं नव्हतं, जसंच्या तसं होतं: मी ड्रायव्हरला थांब म्हणाले नाही. त्याच्याखाली निळ्या पेननं एक ओळ होती: 'म्हातारी राब राखत होती. पाय बरा झाला.' आणि अगदी तळाशी माझ्यासाठी: 'हा आधी वर पाठवा.'

त्या फर्म्याला मी वेष्टन घातलं, वर तळेघरच्या त्या बाईचं आणि वाडीचं नाव लिहिलं आणि दुपारच्या घोडेगावच्या गाडीला कंडक्टरच्या हातात दिला.